दुपारचा चहा : एका आगंतुक सत्कारविधीचा इतिहास

प्रस्तुत लेखाचा विषय वाचून कांहीं वाचकांस नवल वाटेल. ज्या पानांवर सनदा, महजर, शिलालेख व बखरी यांची चर्चा व्हावयाची, त्या पानांवर चहाच्या पेल्यास जागा कशासाठीं, असा प्रश्न सहज मनांत येईल. ह्या प्रश्नाचें उत्तर देण्यापूर्वीं हा लेख लिहिण्यास जें कारण घडलें तें थोडक्यांत सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वीं गोंदिया जिल्ह्यांतील एका जुन्या मालगुजारी वाड्यांत कागद पाहण्यासाठीं गेलों होतों. दुपारची वेळ होती. घरधन्यांनीं मोठ्या अगत्यानें बसविलें, चहा दिला, आणि मग पेटी उघडली. वाजिब-उल-अर्जाची एक प्रत, कांहीं पट्टे व दाव्यांचे निकाल कापडांत नीट बांधून ठेवलेले होते. घरखर्चाच्या वह्यांविषयीं विचारतां ते म्हणाले, "गुरुजी, त्या तर रद्दींत गेल्या. त्यांत काय होतें? मीठ-मिरची, किराणा अन् पाहुण्यांचा चहा!" हातांतली बशी खालीं ठेवतांना माझ्या मनांत आलें कीं, निकाल व पट्टे ह्यांच्या नकला सरकारी दफ्तरांत तरी सांपडतील, पण ह्या घरांत पाहुण्यास चहा केव्हांपासून देऊं लागले, हें सांगणारा एकुलता एक साक्षीदार वजनावर विकला गेला. पुढील विवेचन त्या गेलेल्या वह्यांच्या निमित्तानें केलें आहे.

१. चहापूर्वींचा सत्कार

आपल्याकडे अतिथिसत्कार हा केवळ शिष्टाचार नसून विहित कर्म आहे. पंचमहायज्ञांपैकीं मनुष्ययज्ञ तो अतिथिपूजन, असें मनुस्मृति सांगते. व दुसरें कांहीं नसलें तरी बसावयास तृण, टेकावयास भूमि, प्यावयास उदक व गोड शब्द एवढें सज्जनाच्या घरीं सदैव असतें, असा तिचा आशय आहे. गृह्यसूत्रांत विशेष पाहुण्यांसाठीं मधुपर्क सांगितला आहे. आश्वलायनाच्या मतें ऋत्विज, घरीं आलेला स्नातक, राजा, आचार्य, श्वशुर, चुलता व मामा हे मधुपर्काचे अधिकारी होत. आणि दह्यांत मध कालवून तो करावयाचा, मध न मिळाल्यास तूप घ्यावयाचें. येथें दोन गोष्टी ध्यानांत ठेवण्याजोग्या आहेत. एक, हा सत्कार सर्वांस सरसकट नव्हता; मानकऱ्यांची यादी होती. दुसरी, तो जेवणाहून निराळा होता. पाहुणा येतांच द्यावयाचा तो मान होता.

मधुपर्क पुढें विवाहविधीपुरता उरला. त्याचें व्यवहारांतील काम गूळ-पाण्यानें केलें. उन्हांतून आलेल्यास आधीं पाणी व गुळाचा खडा, उन्हाळ्यांत पन्हें किंवा ताक, आणि निघतांना पानसुपारी, असा क्रम महाराष्ट्रांत सर्वत्र रूढ होता. दरबारी समारंभ अत्तर-गुलाब व विडे ह्यांनीं संपत. ह्या साऱ्यांत उकळलेल्या, गरम पेयास कोठेंच स्थान नव्हतें, हें विशेष होय. गरम काढा हा आजाऱ्याचा. तो पाहुण्यापुढें ठेवणें अशुभच वाटलें असतें.

वेळेविषयींही असेंच. धर्मशास्त्रांत दिवसाचे प्रातः, संगव, मध्याह्न, अपराह्ण व सायाह्न असे पांच भाग, प्रत्येकीं तीन मुहूर्तांचे, मानले आहेत. सूर्योदय सहा वाजतां धरला तर अपराह्ण एक वाजून बारा मिनिटांपासून तीन वाजून छत्तीस मिनिटांपर्यंत येतो, व पुढें सायाह्न लागतो. अपराह्ण हा श्राद्धादि पितृकार्याचा काळ. सकाळ-सायंकाळच्या दोन भोजनांमध्यें कांहीं खाऊं नये, असा स्मृतींचा कटाक्ष आहे. शेतांत राबणाऱ्या लोकांची न्याहारी निराळी. परंतु शास्त्रमार्गानें चालणाऱ्या घरांत तीन-चारच्या सुमारास चूल पेटविण्याचें कारणच नव्हतें. आज त्याच संधिकाळीं घरोघर भांडें चढतें. म्हणजे पेय नवें, तें गरम देणें नवें, आणि त्याची वेळही नवी. इतक्या तीन नवलाया एकदम स्वीकारल्या गेल्या, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकानें सहज सोडून द्यावी अशी नाहीं.

२. शब्द कोणत्या वाटेनें आला

जगांतील बहुतेक भाषांत चहास दोनच कुळांतले शब्द आहेत, व दोन्हींचें माहेर चीन. उत्तरेकडील व कँटनकडील उच्चार 'चा'. फूकियेन किनाऱ्यावरील बोलींतला 'ते'. डच व्यापाऱ्यांनीं 'ते' उचलला व तो इंग्रजींत 'टी' झाला. पोर्तुगीजांनीं मकावच्या बाजूनें 'चा' घेतला. खुष्कीच्या मार्गानें तोच शब्द फारसींत 'चाय' होऊन आला, व हिंदींत स्थिरावला. मराठी 'चहा', बोलींतला 'च्या', गुजराती 'चा' हे सारे ह्याच 'चा' कुळांतले. इंग्रजी 'टी' शब्दाचा मराठींत मागमूस नाहीं.

ह्यावरून एक अनुमान निघतें. आपण चहा इंग्रज साहेबाच्या दिवाणखान्यांतून शिकलों असा सार्वत्रिक समज आहे. तसें असतें तर वस्तूबरोबर तिचें नांवही आलें असतें. कारण कप, किटली, ट्रे, बिस्कीट हे शब्द तसेच आले आहेत. नांव एका वाटेनें व भांडीं दुसऱ्या वाटेनें, असें येथें घडलेलें दिसतें.

ह्या अनुमानास परकीय प्रवाशांच्या लेखांचा आधार मिळतो. १६३८ सालीं सुरतेस आलेला जर्मन प्रवासी मांडेल्स्लो लिहितो कीं, तेथील इंग्रज वखारींतील रोजच्या बैठकींत चहाच घेतला जाई, व त्याचा प्रघात हिंदुस्थानांत सर्वत्र आहे. शेवटचें विधान अतिशयोक्तीचें आहे. बंदरांपुरतें तें खरें मानावें. १६८९ सालीं सुरतेच्या प्रवासास निघालेला पाद्री ओव्हिंग्टन ह्याची साक्ष अधिक नेमकी आहे. सुरतेचे वाणी चहांत गरम मसाले घालून, खडीसाखर किंवा मुरवलेल्या लहान लिंबांसह तो पितात, व डोकेदुखी, मूतखडा, पोटांतील कळ ह्यांवर त्याचा उपयोग करतात, असें त्यानें नमूद केलें आहे. म्हणजे पश्चिम किनाऱ्यावर चहा प्रथम आला तो काढ्याच्या रूपानें. आजच्या मसाल्याच्या चहाचें मूळ शोधणारांनीं हा उल्लेख ध्यानीं घ्यावा.

मुंबई बेटाचा व चहाचा संबंधही मनोरंजक आहे. १६६१ च्या तहान्वयें पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन हिच्या आंदणांत मुंबई इंग्लंडच्या राजास मिळाली, व १६६२ मध्यें विवाह झाला. चहाची आवड तिनें माहेराहून नेली. तिनेंच इंग्लंडांत चहा प्रथम नेला असें जें सांगतात, तें मात्र बरोबर नाहीं. १६५८ सालीं लंडनच्या वर्तमानपत्रांत चहाची जाहिरात छापली गेली होती. राणीनें चहास राजदरबारची प्रतिष्ठा दिली, इतकेंच म्हणणें योग्य.

३. इंग्रजांचा दुपारचा चहा

दुपारच्या चहाची इंग्रजी चाल मात्र बरीच अलीकडची आहे. बेडफर्डची सातवी डचेस ॲना हिनें सुमारें १८४० मध्यें ती सुरूं केली असें सांगतात. उच्चवर्गांत रात्रीचें जेवण आठाच्या पुढें गेलें होतें. दुपारच्या हलक्या फराळानंतर मधला काळ फार लांबे. म्हणून चारच्या सुमारास चहा, पाव-लोणी व केक मागविण्याचा तिनें परिपाठ ठेवला, व मैत्रिणींस बोलावण्यास प्रारंभ केला. पुढें हा एक ठरीव समारंभ झाला : काकडीचीं पातळ सँडविचें, साय व मुरांबा लावलेले स्कोन नांवाचे लहान पाव, केक, आणि यजमानीण स्वतः चहादाणींतून ओतून देत आहे, असा त्याचा थाट.

येथें एका शब्दाचा घोटाळा दूर केला पाहिजे. मुंबई-नागपूरच्या मोठ्या हॉटेलांत ह्या समारंभास 'हाय टी' म्हणतात, व तें अधिक मानाचें नांव समजतात. वस्तुतः इंग्लंडांत 'हाय टी' म्हणजे मजूरवर्गाचें कामावरून परतल्यावरचें, जेवणाच्या उंच मेजावर बसून घ्यावयाचें सायंभोजन; त्यांत मांस, बटाटे, पाव आणि सोबतीस चहा. डचेसचा तो 'आफ्टरनून टी', दिवाणखान्यांतील बुटक्या मेजाजवळ आरामखुर्चीवर बसून घ्यावयाचा. आपल्याकडे येतांना नांवें उलटीं झालीं.

दोन्ही चालींचा आपल्या दुपारच्या चहाशीं संबंध किती? सरकारी अधिकारी, मिशनरी व संस्थानिक ह्यांच्या 'टी-पार्ट्या' ह्या डचेसच्या वंशांतल्या, ह्यांत शंका नाहीं. परंतु चुलीवर दूध, पाणी, साखर व पत्ती एकत्र उकळून, फडक्यानें गाळून, बशींत ओतून प्यावयाचा जो चहा, त्याचें त्या घराण्याशीं नातें नाहीं. इंग्रज चहा उकळीत नाहीं. उकळतें पाणी पत्तीवर ओतून मुरवितो, व दूध वरून घालतो. आपली कृति काढ्याची आहे. ओव्हिंग्टनच्या वाण्यांची ओळख येथें पटते.

४. पुण्याचें चहा-ग्रामण्य

इंग्रजी पद्धतीची टी-पार्टी व आपला समाज ह्यांची पहिली मोठी टक्कर पुण्यास झाली. ती पंचहौद मिशनच्या नांवानें प्रसिद्ध आहे. १८९० च्या ऑक्टोबर महिन्यांत गुरुवार पेठेंतील ह्या मिशनमध्यें एका व्याख्यानाच्या निमित्तानें पुण्यांतील चाळीस-पन्नास प्रतिष्ठित मंडळी जमली. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे व बाळ गंगाधर टिळक हे दोघेही त्यांत होते. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटें आलीं. कांहींनीं चहा घेतला, कांहींनीं यजमानांचा मान राखण्यापुरता पेला हातांत घेऊन तसाच ठेवून दिला. डॉ. आनंदीबाई जोशी ह्यांचे पति गोपाळराव जोशी ह्यांनीं उपस्थितांचीं नांवें 'पुणें वैभव' पत्रांत छापून आणलीं, व शहरांत एकच गहजब झाला. सनातनी मंडळींनीं संकेश्वरच्या शंकराचार्यांकडे दाद मागितली, चौकशीसाठीं शास्त्री नेमले गेले, साक्षी-पुरावे झाले, आणि १८९२ पर्यंत हें प्रकरण चाललें. टिळकांनीं काशीस प्रायश्चित्त घेतल्याचें सांगितलें; रानडे ह्यांनींही १८९२ मध्यें प्रायश्चित्त घेतलें, व त्यामुळें सुधारक मंडळींत मोठी नाराजी उत्पन्न झाली. श्रीमती रमाबाई रानडे ह्यांनीं १९१० सालीं प्रसिद्ध केलेल्या आठवणींत हा प्रसंग घरच्या बाजूनें वर्णिला आहे. ज्यांस ग्रामण्याचा मनस्ताप काय असतो तें समजून घ्यावयाचें असेल त्यांनीं तो अवश्य पाहावा.

ह्या प्रकरणाविषयीं नेहमीं असें सांगण्यांत येतें कीं, 'चहा प्यायल्याबद्दल' टिळक-रानड्यांवर बहिष्काराची पाळी आली. हें वर्णन सोईचें आहे, पण नेमकें नाहीं. चहाचें पान निषिद्ध कीं विहित, हा वादाचा विषय नव्हता. स्मृतिकारांस तें पान ठाऊकच नव्हतें, मग निषेध कोठून? वाद होता तो पाणी कोणाचें, अग्नि कोणाचा आणि हात कोणाचा, ह्या तीन प्रश्नांचा. ह्या मंडळींतील कित्येकांच्या स्वतःच्या घरीं तोंवर चहा होत असला, तरी त्यास कोणी हरकत घेतली नसती. धर्मशास्त्राच्या भाषेंत दोष द्रव्याचा नव्हे, संसर्गाचा. ज्या वस्तूस शास्त्रांत नांव नाहीं तिच्याविषयीं शास्त्रार्थ कसा करावा, ह्याचें हें एक उत्तम उदाहरण असून, त्या दृष्टीनें ह्या ग्रामण्याचे कागद पुनः वाचण्याजोगे आहेत.

५. गोंदियाची वाट

आतां आमच्या प्रांताकडे वळूं. पुण्या-मुंबईचा चहा समुद्रमार्गानें आला. पूर्व विदर्भांत तो कोणत्या वाटेनें आला, ह्याचा विचार करतांना रेल्वेचा नकाशा समोर ठेवला पाहिजे.

आसामांत चहाचें झाड रानांत उगवतें हें १८२३ सालीं रॉबर्ट ब्रूस ह्यास समजलें. १८३४ मध्यें बेंटिंकनें चहा-समिति नेमली. १८३९ च्या जानेवारींत आसामच्या चहाचा लंडनमध्यें पहिला लिलांव झाला. आणि १८६१ पासून कलकत्त्यास लिलांव होऊं लागले. तेव्हांपासून देशी चहाची मुख्य बाजारपेठ कलकत्ता. इकडे नागपूरपासून छत्तीसगढकडे जाणारी लहान मापाची सरकारी रेल्वे १८८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत सुरूं झाली; १८८७ सालीं स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीनें ती ताब्यांत घेऊन मोठ्या मापाची केली; व १९०० सालीं हावड्याशीं सरळ जोड मिळाला. पुढच्या दशकांत गोंदियाहून उत्तरेस नैनपूर-जबलपूरकडे व दक्षिणेस नागभीड-चांद्याकडे फांटे फुटून गोंदिया हें मोठें जंक्शन बनलें. रसेलनें संपादिलेलें भंडारा जिल्ह्याचें गॅझेटियर १९०८ चें. तें ह्याच घडामोडींच्या काळांतलें आहे.

तेव्हां कलकत्त्याच्या बाजारांतून निघालेली चहाची पेटी मराठी मुलखांत शिरतांना जीं पहिलीं मोठीं स्थानकें लागत, त्यांत गोंदिया एक होतें. आमच्याकडे एकाच आळींत 'चहा' व 'चाय' हे दोन्ही शब्द ऐकूं येतात, ह्याचें कारण केवळ हिंदी मुलखाचें सान्निध्य असें मानतात; त्यास ह्या पूर्वेकडील वाटेचीही जोड द्यावी, असें माझें अनुमान आहे.

रेल्वे ही नुसती वाट नव्हती. ती शिकवणीची शाळाही होती. १९०३ सालीं कायदा होऊन निर्यातीच्या चहावर कर बसविण्यांत आला, व त्या पैशांतून चहाच्या प्रसारासाठीं एक समिति काम करूं लागली. १९३७ सालीं तिला चहा-बाजार-विस्तार मंडळाचें स्वरूप आलें. स्थानकांवर चहाचीं दुकानें, कारखान्यांत व खाणींत मधल्या सुटीचा चहा, लहान किंमतीच्या पुड्या, चहा कसा करावा हें चित्रांनीं सांगणारे पत्र्याचे फलक, आणि बाजारांत व घरोघर चहा करून दाखविणारीं पथकें, असे नाना उपाय योजले गेले. आपण ज्यास परंपरा म्हणतों ती अशा रीतीनें हिशेबानें घडविली गेली, हें मान्य केलें पाहिजे. स्वातंत्र्यपूर्व काळीं स्थानकांवर 'हिंदू चहा' व 'मुसलमान चहा' अशा निराळ्या आरोळ्या असत. पंचहौदांत जो प्रश्न शास्त्र्यांनीं दोन वर्षें घोळला, तो रेल्वेनें दोन किटल्या ठेवून सोडविला; सोडविला म्हणण्यापेक्षां टाळला, असें म्हणणें बरें.

चहास विरोध करणारेही कमी नव्हते. शेजारच्या वर्धा जिल्ह्यांत, सेवाग्रामास १९३६ पासून राहणारे गांधीजी चहाचे विरोधक होते. १९४२ मध्यें आगाखान महालांत लिहावयास घेतलेल्या आरोग्यविषयक पुस्तकांत त्यांनीं चहांतील टॅनिनाच्या दोषाची चर्चा केली आहे. चहाच्या मळ्यांवरील मजुरांचे हाल, परदेशी साखर शुद्ध करतांना हाडांच्या कोळशाचा होणारा उपयोग, हेही आक्षेप स्वदेशीच्या काळापासून घेतले जात.

६. पाहुण्याचा चहा

इतकें होऊनही खेड्यांतील घरांत चहा नित्याचा झाला नव्हता. माझ्या लहानपणीं, म्हणजे १९६५-७० च्या सुमारास, आमच्या भागांत तो विशेष प्रसंगाचाच होता. दूध घरचें असलें तरी तें विकावयाचें असे, साखर विकतची, पत्ती तर लहानशा पुडींत फळीवर उंच ठेवलेली. पाहुणा दिसला कीं आईच्या तोंडून "चहा मांडतें" हे शब्द निघत, आणि आम्हां मुलांस पाहुण्याहून अधिक आनंद होई. कारण भांड्याच्या तळाशीं उरलेला घोट आमच्या वांट्यास येई. कान फुटलेले कप घरच्यांस व धड कप पाहुण्यांस, असा कडक नियम होता. बरोबर मुरमुऱ्यांचा चिवडा, ज्यास इकडे मुर्रा म्हणतात, किंवा नव्या धानाचे पोहे. साखर नसल्यास गूळ. तो दुधाबरोबर उकळल्यास चहा नासतो, म्हणून गुळाचा चहा बहुधा कोराच करीत, किंवा भांडें उतरवून मग गूळ घालीत. 'आमच्याकडे चहाही विचारला नाहीं' ही तक्रार लग्नाच्या बोलण्यांत सोयरीक मोडण्याइतकी जड ठरे.

मधुपर्काची आठवण येथें होते. दोहोंतही गोड आणि दुधाचा पदार्थ आहे. दोन्ही येतांच द्यावयाचे. दोन्ही पोट भरण्यासाठीं नव्हेत. मधुपर्कापासून चहा निघाला असें म्हणण्याचा वेडेपणा मी करणार नाहीं. परंतु रिकामी पडलेली जागा आयत्या आलेल्या वस्तूनें भरून काढली, इतकें म्हणतां येईल. आणि मानकऱ्यांची यादीही त्या जागेबरोबरच आली. कोणास ओसरीवर, कोणास आंगणांत. कोणास कपबशी, कोणास वेगळा ठेवलेला पेला. गांवच्या चहाच्या दुकानीं दलितांसाठीं निराळे कप ठेवलेले असत व ते त्यांनींच धुऊन ठेवावयाचे असत, ही गोष्ट कित्येक ठिकाणीं आमच्या पिढीनें डोळ्यांनीं पाहिली आहे. शिक्षक म्हणून मी ज्या मुलांस शिकविलें त्यांच्या वडिलांनीं असे कप धुतले होते. चहाचा इतिहास लिहितांना नुसती गोडी सांगून हा भाग गाळणें अप्रामाणिकपणाचें होईल.

पुढें यंत्रानें पत्ती चुरडून, फाडून, वळवून दाणेदार चहा करण्याची पद्धत, जी १९३० नंतर आसामांत निघाली, ती स्वातंत्र्योत्तर काळांत देशभर पसरली. तिनें थोड्या पत्तींत अधिक व गडद चहा होऊं लागला, आणि तो सर्वांच्या आवांक्यांत आला. विशेष मानाची वस्तु नित्याची झाली. आज कोणासही चहा मिळतो, हें चांगलेंच झालें. मात्र तो मिळण्यांत कधीं काळीं सोहळा होता, हें सांगणारे लोक कमी होत चालले आहेत.

७. दफ्तरांत काय पाहावें

ह्या विषयाचा संग्राहकांस प्रत्यक्ष उपयोग असा. खाजगी जमाखर्चाची वही हातीं आल्यास पुढील गोष्टी तपासून टिपून ठेवाव्या.

पहिली गोष्ट, चहा कोणत्या सदराखालीं मांडला आहे. औषधाच्या, पाहुण्यांच्या कीं किराण्याच्या? ओव्हिंग्टनच्या साक्षीवरून चहा प्रथम औषध होता. आमच्या आठवणींतला चहा पाहुण्यांचा होता. आजचा किराण्याचा आहे. एकाच घराच्या सलग वह्यांत हें सदर बदललेलें सांपडल्यास त्या घराच्या राहणीचें वळण सन-तिथीसह हातीं लागेल.

दुसरी, माप व नाणें. तोळे, छटाक, शेर हीं मापें दशमान वजनें येईपर्यंतचीं. रुपये-आणे-पैचा हिशेब १ एप्रिल १९५७ पूर्वींचा. मालगुजारी दफ्तरांत फसली सन असल्यास त्यांत सुमारें ५९० मिळवून इसवी सन काढावा, व मगच रेल्वेच्या सालांशीं मेळ घालावा.

तिसरी, सोबतचे शब्द. चहाच्या जवळपास कपबशी, बिस्कीट, घासलेट, आगपेटी हे शब्द कोणत्या क्रमानें येऊं लागतात, तें पाहावें. एखादा कागद भोसल्यांच्या अमदानींतला म्हणून पुढें आला, आणि त्यांत भंडारा प्रांतींच्या खेड्यांत आल्यागेल्यास नित्य चहा दिल्याचा उल्लेख असला, तर त्या कागदाकडे संशयानें पाहावें. बंदरावर १७ व्या शतकांत चहा होता म्हणून रानांतल्या गांवींही होता, असें मानतां येणार नाहीं.

चौथी, वाचनांतील फसगत. फारसींत 'चाह' म्हणजे विहीर. जुन्या मराठी कागदांत 'चाहूर' हें जमिनीचें माप आहे. फाटलेल्या ओळींत 'चाह' एवढींच अक्षरें उरलीं असतां तेथें चहा वाचण्याचा मोह होतो. मागचा-पुढचा संदर्भ जमिनीचा असल्यास तो मोह आवरावा.

मालगुजारी १९५१ सालीं संपली. १९५६ च्या नोव्हेंबरांत भंडारा जिल्हा मध्यप्रदेशांतून मुंबई राज्यांत आला, १९६० मध्यें महाराष्ट्रांत, आणि १ मे १९९९ रोजीं त्यांतून गोंदिया जिल्हा निराळा निघाला. ह्या प्रत्येक स्थित्यंतरांत वाडे रिकामे झाले, पेट्या हालल्या, कागद गेले. राजकारणाच्या इतिहासास आमच्या प्रांतीं यादव माधव काळे ह्यांच्यासारखा लेखक लाभला. त्यांचा 'नागपूर प्रांताचा इतिहास' १९३४ मध्यें निघाला. परंतु चुलीच्या व ओसरीच्या इतिहासास अजून साधनेंच गोळा व्हावयाचीं आहेत. हीं साधनें सनदेप्रमाणें शिक्क्यामोर्तबांचीं नसतात. तीं तेलकट असतात, कोपरे झिजलेलीं असतात, आणि त्यांवर गृहिणीच्या हातचे डाग असतात. म्हणूनच तीं आधीं जातात.

असो. त्या वाड्यांतून निघतांना घरधन्यांस मी एवढेंच म्हणालों, "मालक, आतांच्या वह्या तरी विकूं नका." ते हंसले व म्हणाले, "आतां वह्या कोण लिहितो, गुरुजी?" ह्या प्रश्नास मजपाशीं उत्तर नव्हतें. ज्या घरांत जुन्या वह्या अद्याप शिल्लक असतील तेथें आपण वाचकांपैकीं कोणी दुपारीं गेल्यास, पुढें आलेला चहा अवश्य घ्यावा, आणि सनदांची पेटी पाहून झाल्यावर खर्चाच्या वह्यांचीही विचारपूस करावी, इतकी विनंती करून हा लेख पुरा करतों.